लेव्हलची भिशी

पन्नाशी उलटल्यावर मी रानडुक्कर मारायला शिकले. म्हणजे फोनवर. त्याआधी माझ्या हातून झालेली हिंसा म्हणजे झुरळं, आणि तीही नवऱ्याला हाक मारून.

आम्ही चौघी भांडुपच्या एकाच शाळेतल्या. लग्नं झाली तशा चार दिशांना पांगलो, आणि तेव्हापासून एकमेकींना स्टेशनाच्या नावानेच हाक मारतो. फोनमध्येही नावं तशीच आहेत: बोरिवली, घाटकोपर, नाहूर. मी मुलुंड. लग्नानंतर पहिली काही वर्षं माझ्या नवऱ्याची समजूत होती की मला रेल्वेच्या ऑफिसातून फोन येतात.

आमची भिशी होती. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, चिठ्ठ्या टाकायच्या, जिचा नंबर निघेल तिच्याकडे पुढचा बेत. मूळच्या आम्ही पाच होतो. पाचवी पनवेलच्या पुढे राहायला गेली आणि एका भिशीला आली नाही. मग ‘पुढच्या वेळी नक्की’. मग नुसती सकाळची फुलं पाठवायची, आणि मग फुलंही बंद झाली. भांडण झालं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं. ही बाई आमच्या डोळ्यांदेखत विरघळली आणि आम्ही ढोकळा खात होतो.

म्हणून नाहूरचे सासरे बाथरूममध्ये पडले, त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, आणि तिचं घराबाहेर पडणंच बंद झालं, तेव्हा आम्ही तिघी घाबरलो. सासऱ्यांसाठी तर होतोच, पण खरं सांगायचं तर जास्त तिच्यासाठी. दोनदा ती भिशीला आली नाही. तिसऱ्यांदा तिने ग्रुपवर लिहिलं, ‘पुढच्या वेळी नक्की.’ घाटकोपरने मला लगेच फोन केला. म्हणाली, “बघ, हीपण चालली.”

गेमची कल्पना घाटकोपरच्या मुलीची. ती आपल्या कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर असंच काहीतरी खेळते. सगळ्या आपापल्या घरी, पण गेममध्ये एकाच रानात हिंडतात, कानाला हेडफोन लावून गप्पा मारतात. तिने आमच्या चौघींच्या फोनवर तो गेम घालून दिला. प्रत्येकीने आपलं एक कॅरेक्टर बनवायचं. बोरिवलीने धनुष्यवाली घेतली. घाटकोपरने अंगभर चिलखत घातलेला पुरुष घेतला आणि कारण सांगितलं नाही. मी जादूगारीण झाले, कारण तिचा झगा ऐसपैस होता. नाहूरने साधी काठीवाली मुलगी घेतली.

सुरुवात सगळ्यांची एकाच गावात होते, नवशिक्यांच्या गावात. तिथे खाडी आहे, धक्का आहे, होडी आहे, कोंबड्या आहेत. बारीकसारीक कामं करून पॉइंट मिळवायचे, पॉइंट साठले की लेव्हल वाढते. पंधरावी लेव्हल झाली की गेम तुम्हाला आपोआप पुलापलीकडे मोठ्या रानात नेऊन सोडतो आणि मागचं फाटक बंद होतं. गावात परत येता येत नाही. तेव्हा आम्हाला यात लक्षात ठेवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. आपण परत शाळेत तरी कुठे जातो.

पहिले काही रविवार फार मजेचे गेले. मग लेव्हलींची गडबड सुरू झाली. ठरलेलं असं होतं, की चौघी एकदमच खेळायचं, मधे कुणी खेळायचं नाही. हा नियम मी केला आणि सोमवारी ऑफिसला जाताना मीच मोडला. मला अंधेरीला जायचं असतं, मेट्रोत उभं राहून नुसती खिडकीबाहेर बघू का? बोरिवली म्हणाली ती कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर खेळते. त्या घरात तेव्हा बहुतेक फक्त डाळच शिजत असावी. घाटकोपर काहीच म्हणाली नाही, पण तिचा चिलखतवाला दर रविवारी नव्या तलवारीसह यायचा. बघता बघता आम्ही तिघी पूल ओलांडून वर गेलो आणि नाहूर खालीच राहिली.

वरच्या माणसाला खालच्या मैत्रिणीला तासभर पाहुणी म्हणून रानात बोलावता येतं. आम्ही तिला बोलवायचो. पण ज्या डुकराच्या धडकेने माझ्या झग्याला धूळ लागायची, त्याच धडकेने तिची काठीवाली मुलगी आडवी व्हायची. मग तिने आडवं पडून राहायचं, आम्ही लढायचं, आणि संपल्यावर मी मंत्र म्हणून तिला उठवायचं. एकदा आम्ही गप्पांत विसरलोच. गुहा अर्धी संपल्यावर मागून शांतपणे आवाज आला, “मी अजून तिकडेच आहे गं, पहिल्या डुकरापाशी.”

हसलो आम्ही. पण त्या रात्री बोरिवलीचा फोन आला की हे बरोबर नाही. ती येते आणि पडून राहते. असं किती दिवस येईल?

तोडगा निघाला तो आमच्याच जुन्या सवयीतून. गेममध्ये अशी सोय आहे, की सगळ्यांनी मिळून कमावलेले पॉइंट एकीलाच देता येतात. म्हटलं, ही तर भिशी झाली. दर रविवारी चिठ्ठ्या टाकायच्या, जिचा नंबर तिच्या पदरात सगळ्यांची कमाई. चार रविवारांत चौघींची सोय. घाटकोपरच्या मुलीने हे ऐकलं तेव्हा तिने कानातले हेडफोन काढले. म्हणाली, जगात कुणी असं खेळत नसेल. आम्ही ते कौतुकच समजलो.

पण नाहूर नंबर घेईना. पहिल्यांदा निघाला तेव्हा म्हणाली, “तूच घे बोरिवली, तुला ते नवं धनुष्य हवंय ना.” दुसऱ्यांदा तिचा फोन चार्ज नव्हता. भिशीत एखादी आपला नंबर दुसरीला देते, नाही असं नाही. पण ती पुढे कधीतरी घेते. ही पुढेही घेणार नाही, असं तिच्या आवाजावरून वाटत होतं. आणि एक गोष्ट मला छळायला लागली. ऑफिसात दुपारच्या चहाला मी सहज गेम उघडायची, तेव्हा नाहूरच्या नावापुढे हिरवा ठिपका असायचा. रोज. म्हणजे ती खेळत होती. रोज खेळायची आणि लेव्हल तिथल्या तिथे, चौदा. हे कसं जमतं? मी नुसती चुकून झाडाला काठी मारली तरी मला दोन पॉइंट मिळतात.

मी हे दोघींना सांगितलं. बोरिवलीला वाटलं नाहूरचा दुसरा ग्रुप असणार. घाटकोपरला वाटलं तिला खेळताच येत नाही आणि सांगायची लाज वाटते. मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही, कारण मला वाटलं होतं की तिला आमचा कंटाळा आलाय. शेवटी आम्ही तिघींनी ठरवलं, की हिला एकदाचं वर ओढायचं. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी चिठ्ठ्या टाकल्या आणि नाहूरचा नंबर निघाला. निघणारच होता, चारही चिठ्ठ्यांवर मी नाहूरच लिहिलं होतं. तिने स्क्रीनजवळ येऊन चिठ्ठी वाचली. मग म्हणाली, “बरं. पण आज नको, पुढच्या रविवारी.”

त्या शनिवारी मला सुट्टी होती. मुलुंड ते नाहूर म्हणजे काही परदेश नव्हे, पण तिच्या घरी मी किती महिन्यांत गेले नव्हते ते रिक्षात बसल्यावर आठवायला लागले आणि मग आठवणं सोडून दिलं. न कळवता गेले. वेळ मुद्दाम हिरव्या ठिपक्याची निवडली होती. उत्सुकतेने माणूस किती खाली घसरतो, तर मी दारावर बेल न वाजवता आधी कान लावला.

आतून पुरुषी, खणखणीत आवाज येत होता. “ह्यो पाग टाकता हा काय धोतर वाळत घालता हा?”

नाहूरने दार उघडलं. एक हात पिठाचा, दुसऱ्या हातात टॅब. मला बघून दचकली आणि मग लगेच, “ये, चप्पल आत काढ, शेजारच्यांचं कुत्रं नेतं,” म्हणाली.

तिचे सासरे पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसले होते. खाडीकाठच्या गावचे, पोरवयात मुंबईला येऊन गिरणीत लागलेले, गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्याच्या दारावर वॉचमन म्हणून बसलेले. मी त्यांना ओळखते ते कमी बोलणारे, इस्त्रीचा शर्ट घालणारे काका म्हणून. नाहूरने टॅब पुन्हा त्यांच्यापुढे टेकवला, आणि ते त्यातल्या खाडीवर तुटून पडले. पाग म्हणजे मासे धरायला फेकायचं गोल जाळं, हे मला त्यांच्या रागावरूनच कळलं. गेममधला एक कोळी धक्क्यावर उभा राहून दिवसभर तेच जाळं तसंच फेकत असतो, आणि काकांच्या मते ते फेकण्याची पद्धत म्हणजे खाडीचा अपमान होता. होडीचं नाक उलटीकडे होतं. कोंबडी पाण्यावरून चालत गेली. “ही खाडी नाय, गटार आसा,” ते मला म्हणाले, आणि डोळे पुन्हा टॅबवर.

मग सुनेला म्हणाले, “तू टाक गो पाग. दाखव तेका.”

“उद्या टाकू बाबा,” ती म्हणाली.

चहा करायच्या निमित्ताने आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. तिथे तिने सांगितलं. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते, की यांना दिवसातून थोडा वेळ तरी बसवा, नुसते पडून राहिले तर पाठीला जखमा होतील. पण हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. मुलाने विनवलं, नातवाने विनवलं. एका दुपारी ही आपली लेव्हल वाढवायला बसली होती, आमच्या बरोबरीला यायचं म्हणून. मागून आवाज आला, ‘होडी उलटी बांदल्यानी हा.’ वळून बघते तर हे कोपरावर उठलेले. दुसऱ्या दिवशी बसले. तेव्हापासून रोज दुपारी तासभर बसतात, नावं ठेवतात, आणि त्या भरात चहा-बिस्किटंही नीट खातात.

“आणि तू पाग का टाकत नाहीस?” मी विचारलं.

“मासा मिळाला की पॉइंट मिळतात. माझी चौदावी भरत आलीय. पंधरा झाले की मी पलीकडे, आणि ही खाडी बंद. मग बाबा परत भिंतीकडे.” तिने चहा गाळला. “आणि तुम्ही उद्या मला दहा लेव्हल वर नेणार आहात.”

“मग आधीच सांगायचं ना गं.”

“काय सांगायचं? मलापण यायचंय यार. तुम्ही सारखं त्या गुहेचं बोलता. मी तिथे फक्त आडवी पडलेय. वरचं छप्पर तेवढं माहितीय मला.”

त्या रविवारची भिशी रद्द झाली. मी कॉलवर दोघींना सगळं सांगितलं. बोरिवली म्हणाली, “ती वर येऊ शकत नाही, तर आपण खाली जाऊ.” पण फाटक बंद. एका फोननंबरावर एकच कॅरेक्टर, हाही गेमचा नियम. मग आम्ही तिघींनी आपापल्या नवऱ्यांचे नंबर वापरले; नाहूरच्या घरातले नवऱ्याचा आणि मुलाचा असे दोन्ही नंबर तिच्या मुलाने आधीच याच गेममध्ये गुंतवून ठेवले होते. माझ्या नवऱ्याला ऑफिसच्या मीटिंगमध्ये ओटीपी आला आणि पाठोपाठ अभिनंदनाचा मेसेज, की त्याची परी तयार आहे. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने मला एवढंच विचारलं, की परीचे पंख गुलाबीच हवे होते का.

तर आम्ही तिघी पुन्हा पहिल्या लेव्हलला, नवशिक्यांच्या गावात उतरलो. शनिवार-रविवार दुपारी तिकडे नाहूरचा टॅब उशीला टेकवलेला, आमचे आवाज त्यातून येणार, आणि काका हुकूम देणार. आता पाग टाकायला माणसं होती. बोरिवली टाकायची तेव्हा म्हणायचे हात बरा आहे. घाटकोपरला म्हणायचे तू मासे धरतेस की माशांना ओरडतेस. माझ्याबद्दल त्यांनी पहिल्याच दिवशी मत बनवलं आणि ते सुनेला हळूच सांगितलं, फक्त टॅबचा माईक चालू होता.

भिशी इथेही लागली, पण उलटी. मासा धरला की पॉइंट मिळतात, पॉइंट मिळाले की फाटक जवळ येतं. म्हणून आज कुणी मासे धरायचे आणि कुणी नुसतं उभं राहायचं याचा नंबर. आयुष्यात प्रथमच आम्ही हिशेबाने मागे राहायला शिकत होतो. मला ते चांगलं जमलं.

तरीही एक गोष्ट सुटत नव्हती. आमच्याकडे रानातली जुनी कॅरेक्टरं होती, हवं तेव्हा तिकडे जाता येत होतं. नाहूर मात्र चौदाव्या लेव्हलच्या कडेला, धक्क्यावर, काठी हातात धरून तशीच उभी. पाग टाकायची सोय नाही, रानात यायचं तर पाहुणी म्हणून आडवं पडायचं. एका दुपारी घाटकोपर बोलता बोलता गुहेतल्या धबधब्याचं सांगून गेली, आणि नाहूर म्हणाली, “धबधबा आहे तिथे?” एवढंच.  त्या दुपारी पलंगावरून काकांनी कोळ्याला शिव्या घातल्या नाहीत.

दोन दिवसांनी नाहूरचा फोन. काकांनी आपला बटणांचा जुना फोन तिच्यापुढे ठेवला होता. ह्याचा नंबर चालेल का, असं विचारत होते. ओटीपी त्यांनी स्वतः वाचून दाखवला, दोनदा, दुसऱ्यांदा ती गरज नसताना. कॅरेक्टर निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी सगळे नीट न्याहाळले आणि विचारलं, “ह्यात पाग टाकणारो खयचो?” तसा कुणी नव्हता. मग त्यांनी दाढीवाला मांत्रिक घेतला, कारण तो दशावतारातल्या संकासुरासारखा दिसतो म्हणे.

त्यांची खाडी आता त्यांच्या नंबरावर होती. त्याच दुपारी नाहूरने धक्क्यावर पाग टाकला, एक मासा धरला आणि पूल ओलांडला. पुढच्या रविवारी आम्ही तिला गुहेत नेलं, सगळ्यांचे पॉइंट तिला, ठरल्याप्रमाणे. धबधब्यापाशी ती इतका वेळ उभी राहिली की मागून डुक्कर आलं आणि मला खाऊन गेलं. मी आडवी पडून वरचं छप्पर बघितलं. चांगलं आहे.

आम्हाला वाटलं, झालं, सगळं मार्गी लागलं. आता फक्त काकांची लेव्हल आवरायची. तो प्रश्न लवकरच आला, कारण गृहस्थ रोज खेळायचे आणि कुणाचं ऐकायचे नाहीत. बोटं हळू, पण नेम चुकायचा नाही. मासे धरायचे नाहीत, नुसतं बघायचं, असं सून सांगून थकली. बघता बघता चौदा. एका शनिवारी कॉलवर आम्ही चौघींनी मिळून त्यांना समजावलं. मी माझ्या गुलाबी परीला त्यांच्यापुढे आडवं उभं केलं. म्हटलं, काका, आता थांबा, तुमच्या वाटचे मासे आम्ही धरतो. आणखी एक धरलात तर ही खाडी गेली, होडी गेली, तो कोळी गेला. मग नावं कुणाला ठेवणार?

 नाहूर पलंगाजवळ उभी असावी, तिच्या बांगडीचा आवाज माईकमध्ये येत होता.

काका म्हणाले, “होडी शेवटपर्यंत सरळ बांदूक नाय ह्यांनी.” मग जरा थांबून, “आणि पलीकडे काय आसा ता बघूक नको?”

पाग पसरला. छान पसरला, हे मलाही कळलं. मासा आला आणि धक्क्यावरचा दाढीवाला मांत्रिक नाहीसा झाला. आम्ही तिघी पऱ्या, योद्धे वगैरे तिथे कोंबड्यांमध्ये उभ्या. टॅबमधून पलंग करकरल्याचा आवाज आला.

“बाबा?” नाहूर म्हणाली. “बाबा, पाय खालीच ठेवा. बसताय ना?”

“गप ऱ्हव,” ते म्हणाले. “झाडां बघतंय.” आणि लगेच, “ह्या काय धावान येता?”

डुक्कर होतं. एका धडकेत मांत्रिक आडवा. नाहूर इतकी हसायला लागली की टॅब उशीवरून घसरून पालथा पडला आणि पुढचं आम्हाला चादरीतून ऐकू आलं. काका डुकराच्या पायांना नावं ठेवत होते. पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब, असला प्राणी चालेल कसा, धावणं दूरच.

आता दुपारी तासाचे दीड तास होतात, असं ती सांगते. काका रानात पंधरा-सोळाच्या आसपास, आम्ही कितीतरी वर. म्हणजे पुन्हा तेच, एक माणूस खाली आणि बाकीचे वर. मदत नको म्हणतात. “माझो डुकर मीच मारतलंय,” आणि पडतात. मग मी मंत्र म्हणून उठवते. त्यांना वाटतं मंत्रही मी चुकीचा म्हणते.

भिशीत त्यांना घ्यायचं ठरलं. पाचवी जागा तशीही रिकामी होती. अडचण नावाची आली, कारण एका स्टेशनाची दोन माणसं झाली होती. मग सून नाहूर पूर्व आणि सासरे नाहूर पश्चिम. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी पाच चिठ्ठ्या वाटीत टाकल्या, वाटी हलवली, एक उचलली आणि कॅमेऱ्यापुढे उघडून दाखवली. नाहूर पश्चिम. आम्ही चौघींनी टाळ्या वाजवल्या.

काकांनी चष्मा सारखा केला आणि टॅबच्या अगदी जवळ आले. सबंध चौकोनात त्यांचं कपाळ आणि एक डोळा.

“बाकीच्यो उघड बघू,” ते म्हणाले.